पोचतोय का आवाज?

घाबरले की मी तुलना करत बसते. ही माझी जुनी खोड. बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी घरातल्या दोन कुकरपैकी कुठल्याची शिट्टी आधी होते, हे मी वहीत लिहून काढलं होतं. आईने ती वही पाहिली आणि निकाल सोडून माझीच काळजी करायला लागली. अण्णांच्या गळ्यातली गाठ साधी नाही हे कळलं, त्या आठवड्यात मी अकरा कॅमेऱ्यांची तुलना केली.

अण्णा म्हणजे माझे वडील. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहील आणि बोलणं संपेल. ऑपरेशनला तेरा दिवस होते. अण्णांनी विचारलं, "जेवता येईल ना?" येईल म्हटल्यावर ते आईकडे बघून हसले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. तो सोडला तर आपण खाली पडू असं मला खरोखर वाटत होतं.

आमच्या घराला त्या आवाजानेच पोसलं होतं. अण्णा रिक्षाला कर्णा लावून नाशिकभर अनाउन्सिंग करायचे. उद्या पाणी येणार नाही, डोळे तपासणीचं शिबिर आहे, भांड्यांचा सेल लागलाय, अमक्यांची शोकसभा आहे, लाल फ्रॉक घातलेली पोर हरवली आहे. सुरुवात हरसूलच्या आठवडे बाजारात, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून. मग शहरात आले आणि माइक हातात आला. पुढे मेमरी कार्डात भरलेले आवाज आले, एकदा रेकॉर्ड केलं की दिवसभर तेच वाजत राहायचं. अण्णांनी कधी रेकॉर्डिंग करून दिलं नाही. काम कमी झालं तरी दिलं नाही. "द्वारकेच्या चौकात गाड्यांचा कालवा, तिथं चार शब्द बोलायचे," ते म्हणायचे. "भद्रकालीत बाया गॅलरीत येत्यात, तिथं लांबण लावायची. त्या कार्डाला काय कळतंय?"

त्यांचा एक नेम होता. रिक्षा निघण्याआधी आवाज तपासायचा, आणि तो रिक्षात बसून नाही. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून ते मला गल्लीच्या पार टोकाला उभं करायचे. माइकमध्ये फुंकर मारायचे आणि विचारायचे, "पोचतोय का आवाज?" पोचला की मी हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय रिक्षा हलायची नाही. एकदा मी चिडून मुद्दाम हात वर केला नाही, तर ते रागावले नाहीत, चालत टोकापर्यंत आले आणि माझे कान बघितले. कानात मळ नाही याची खात्री करून परत गेले आणि पुन्हा विचारलं.

आणि मी काय करते? मी मिक्सिंग करते. लग्नाचं शूटिंग झालं की त्याची फिल्म कापून, जोडून, गाणी टाकून द्यायची, याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. द्वारकेजवळच्या एका फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत मी नऊ वर्षं हे करते आहे. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हृदयातून हृदय उमलतं, गुलाबाच्या पाकळ्या पडतात, नवरदेवाच्या मागे सूर्य उगवतो. मला स्वतःला हे काडीचंही आवडत नाही. स्वतःची एक खरी फिल्म करायची, हे वर्षानुवर्षं मनात होतं. शनिवारी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जमणाऱ्या शॉर्टफिल्मवाल्या मंडळींत मी मागच्या रांगेत बसायचे. तिथे सगळे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि सगळे न घाबरता बोलणारे.

डॉक्टरांकडून घरी येताना रिक्षात मी अण्णांना म्हटलं, "मी तुमच्यावर फिल्म करते. तुम्ही एक दिवस पूर्ण अनाउन्सिंग करा. तुमचा आवाज राहील." ते म्हणाले, "चांगला कॅमेरा आण." बस, एवढंच.

तेरा दिवसांतले सात मी कॅमेरा निवडण्यात घालवले. आज हे लिहिताना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते, पण तेव्हा ते काम फार महत्त्वाचं वाटत होतं. इंटरनेटवर कॅमेऱ्यांबद्दल बोलणारी माणसं शांत असतात. त्यांच्या मागे छान दिवा लावलेला असतो आणि त्यांना कुठल्याच प्रश्नाचं उत्तर माहीत नाही असं होत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्यांना बघायचे. सेन्सर मोठा हवा की लहान, अंधारात कुठल्यात चांगलं दिसतं, कुणाचा कॅमेरा उन्हात तापून बंद पडतो, चेहऱ्यामागचं धूसर करायला कुठली लेन्स. शनिवारची मंडळी म्हणाली, फोनवरच कर, हल्ली सगळे करतात. त्यांच्यातलाच एक म्हणाला, अजिबात नको, फोनचं दिसतं ते फोनचंच. मी दोघांना मान डोलावली. आत अण्णांच्या नाकातून नळी घालून गळा तपासत असायचे आणि बाहेर मी दोन लेन्सनी काढलेल्या फोटोंच्या कडा मोठ्या करून बघत असायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागचा राक्षस स्क्रीनच्या उजेडात जरा कमी दिसायचा, इतकंच.

सॉफ्टवेअरचंही तेच. गुलाबाच्या पाकळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अण्णांना घालायचं नाही, हे पक्कं होतं. मंडळींनी एक फुकटचं सुचवलं, सिनेमावाले वापरतात ते. ते मी स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर टाकलं. उघडलं तर डोंगराएवढं. कुठे काय आहे कळेना. तीन दिवस मी नुसते रंग कसे सुधारायचे ते शिकले, म्हणजे अण्णांच्या सावळ्या रंगावर ऊन कसं दिसेल ते. आवाजाचं वेगळं पान होतं, ते मी उघडलंही नाही. वाटलं, आवाजाचं काय शिकायचं? दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाणारा कर्णा आहे. हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्याला नाही का ऐकू जाणार?

भाड्याने मिळणारा एक भारी कॅमेरा मी जवळजवळ ठरवला होता. दुकानात जाऊन हातातही घेतला. पण त्याचा मेनू बघून तो परत काउंटरवर ठेवला. ऐनवेळी बटण सापडलं नाही तर? शेवटी मी जो रोज डोळ्यांसमोर असतो तोच घेतला, आमच्या स्टुडिओचा, लग्नांना जाणारा. हळदीला, बांगड्या भरण्याच्या कार्यक्रमाला कधीकधी मीच तो घेऊन जायचे. मालक म्हणाले, "ताई, न्या की. घरचाच आहे." अकरा कॅमेऱ्यांची तुलना करून मी ओळखीचा कॅमेरा घेतला, कारण अनोळखी गोष्टीची मला भीती वाटली.

शूटिंग रविवारी झालं. डॉक्टरांनी एका दिवसाची सूट दिली होती, फार ताण न देण्याच्या अटीवर. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, कर्णा पुसला. निघायच्या आधी मला म्हणाले, "जा टोकाला." मी कॅमेरा घेऊन गल्लीच्या टोकाला गेले. त्यांनी फुंकर मारली. "पोचतोय का आवाज?"

मी स्क्रीनवर बघत होते. सकाळचं ऊन रिक्षाच्या काचेवरून त्यांच्या गालावर आलं होतं आणि इतकं सुंदर दिसत होतं की मला रडू आलं. मी हात वर केला.

द्वारकेला ते चार शब्दच बोलले. भद्रकालीत लांबण लावली आणि खरोखर दोन बाया गॅलरीत आल्या. पाण्याचं केलं, शिबिराचं केलं, भांड्यांचं केलं. हरवलेल्या पोरीचं केलं ते सगळ्यांत सावकाश, जशी ती पोर समोरच उभी आहे आणि तिला घाबरवायचं नाही. फोन मध्येच वाजायला नको म्हणून मी बंद करून पिशवीत टाकला होता. दुपारी आमच्या गल्लीत परत आलो तेव्हा त्यांचा आवाज बसायला लागला होता. आई दारात येऊन हातानेच पुरे म्हणत होती. पण त्यांनी शेवटचं एक केलं, जे ठरलेलं नव्हतं. म्हणाले, ऐका मंडळी, बुधवारपासून हा आवाज बंद होत आहे, आजवर काही चुकीचं सांगितलं असेल तर चूकभूल द्यावी घ्यावी. पुढेही दोन-तीन वाक्यं होती. गल्लीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. शेजाऱ्यांनी फोन काढले आणि फोटो घेतले. संध्याकाळपर्यंत अण्णांचा घसा इतका धरला की त्यांना कुजबुजण्यापलीकडे काही येईना. आईने त्यांच्या हातात पाटी दिली.

मंगळवारी सकाळी त्यांना दवाखान्यात भरती केलं. आई तिथे थांबली. संध्याकाळपर्यंत काही काम नाही म्हटल्यावर मी स्टुडिओत आले आणि पहिल्यांदा ते शूटिंग फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. चित्र आलं. आवाजाची पट्टी आली नाही.

मी आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. फुकटचं ते फुकटचंच. सेटिंग बदललं, फाइल दुसऱ्या प्रकारात फिरवून बघितली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. दोन तास गेले. मग मी माझं जुनं, पाकळ्यांचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यातही चित्र आलं आणि पट्टी आली नाही. मी कॅमेरा चालू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात माइकचं बारीक चिन्ह होतं, त्याच्यावर काट मारलेली. ते मी रविवारी पाहिलं होतं. ते मी नऊ वर्षं पाहत आले होते.

मालक खालून चहा घेऊन वर आले. मी विचारलं, "याचा माइक बंद कुणी केलाय?"

ते गोंधळले. "तुम्हीच सांगितलं होतं ना, ताई? बँडचा नि डीजेचा गोंगाट येतो, डोकं उठतं, फाइल जड होते, गाणी तर वरून टाकायचीच आहेत. तेव्हापासून बंदच आहे."

मीच सांगितलं होतं. मला तो दिवसही आठवला. मी चिडून सांगितलं होतं आणि त्यांनी निमूटपणे ऐकलं होतं.

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही. मी स्टुडिओतल्या हार्ड डिस्क एकेक करून लावत होते. आमच्या घरातली सगळी कार्यं मीच मिक्सिंग केलेली. माझं लग्न, भावाचं लग्न, भाच्याचं बारसं. प्रत्येकात अण्णा होते, पाहुण्यांना बोलावताना, हसताना, कुणाला तरी लांबून हाका मारताना. त्यांचे ओठ हलत होते आणि त्यावर गाणं वाजत होतं. ती गाणी मीच निवडली होती. फोनमध्ये वाढदिवसाच्या क्लिप होत्या, तिथे टाळ्यांच्या मागे कुठेतरी ते असावेत, पण वेगळे ऐकू येत नव्हते. ज्या माणसाचा आवाज चाळीस वर्षं अख्ख्या शहराने ऐकला, त्याच्या मुलीकडे त्याचं एक वाक्य नव्हतं.

चार वाजले होते. ऑपरेशन सकाळी आठला. मी रिक्षा पकडली आणि द्वारकेच्या गर्दीत अडकले. मी देवाला काही मागत नाही सहसा, पण त्या सिग्नलला मागितलं. काय मागितलं ते सांगायची लाज वाटते. ऑपरेशन एक दिवस पुढे जावं, असं मागितलं. वडिलांच्या गळ्यात गाठ वाढते आहे आणि मुलगी मागते आहे, एक दिवस आणखी वाढू दे.

वॉर्डच्या दारात आई भेटली. ती आज जरा बरी दिसत होती. म्हणाली, "सकाळी फार घाबरले होते गं. हात थंडगार. मग शेजारच्या पेशंटला पाटीवर लिहून दाखवलं, आवाज पोरीकडं ठेवलाय, आता कापा काय कापायचं ते. तेव्हापासून शांत आहेत. दोन घास खाल्ले."

सांगितलं तर त्यांचा एवढा एकच धीर मी काढून घेणार. नाही सांगितलं तर उद्या आठनंतर सांगून काही उपयोग नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि तुलना करायला फक्त या दोनच गोष्टी होत्या.

मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन ओढणीत धरला आणि आत गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी हाताने गोल फिरवून दाखवलं, म्हणजे फिल्म झाली का? मी म्हटलं, "होतेय." मग म्हटलं, "अण्णा, काहीतरी बोला ना. थोडंसं. मला ऐकायचंय."

त्यांनी पाटी उचलली आणि परत ठेवली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्या फाटक्या, खरखरीत, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता कशाला गं, पोरी? तिथं हाय ना सगळं." आणि माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीला बोट लावलं. नर्सने लांबून ओरडून बोलू नका म्हणून सांगितलं. ते कान पकडून हसले.

मी सांगितलं नाही. मी खूप वेळा विचार केला की सांगायला हवं होतं का. त्यांच्या धीरासाठी गप्प बसले, असं मी आईला नंतर सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मी घाबरले, हे उरलेलं अर्धं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. अण्णा घरी आले, गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं बांधून. रोज सकाळी हात गोल फिरवायचे, झाली का? मी म्हणायचे, रंगांचं काम चाललंय. खरं म्हणजे फिल्म केव्हाच कापून झाली होती. अकरा मिनिटांची. त्यावर मी गाणं टाकलं नाही. चित्राखाली त्यांच्या शब्दांची अक्षरंही टाकली नाहीत, कारण शेवटच्या त्या दोन-तीन वाक्यांत ते काय बोलले, हे आईला एक आठवत होतं, मला दुसरं आणि शेजाऱ्यांना तिसरंच. सगळ्यात शेवटी, काळ्या पडद्यावर, ओढणीतून रेकॉर्ड झालेली ती काही सेकंदं ठेवली.

महिन्याने एका संध्याकाळी त्यांनी गोल फिरवणारा हात थांबवलाच नाही, तेव्हा मी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या खाटेवर बसले होते. रिमोट त्यांच्याकडे. मी टीव्हीपाशीच उभी राहिले, त्यांच्याकडे पाठ करून.

गल्ली आली, ऊन आलं, पांढरा शर्ट आला. त्यांनी फुंकर मारली, ओठ हलले. खोलीत पंख्याचा आवाज होता फक्त. पडद्याच्या तळाशी आवाजाची हिरवी पट्टी उमटली आणि वाढायला लागली. ते रिमोटचं बटण दाबत होते. वीस, तीस, पन्नास. द्वारका गेलं, भद्रकाली आली, गॅलरीत बाया आल्या. आई म्हणाली, "टीव्ही बिघडला काय गं?" पट्टी शंभरवर जाऊन थांबली, तरी बटण दाबल्याचा टकटक आवाज मागून येत होता. मग तोही थांबला. मी वळले नाही. मी म्हटलं, "अण्णा, माइक बंद होता. मीच बंद करायला सांगितला होता, फार वर्षांपूर्वी. फक्त चित्र आलंय." पडद्यावर ते गल्लीतल्या माणसांना चूकभूल द्यावी घ्यावी म्हणत होते आणि माणसं दारात उभी होती.

मग पडदा काळा झाला. टीव्ही पूर्ण मोठा केलेला होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्या दवाखान्यातल्या कुजबुजीने भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "आता कशाला गं, पोरी? तिथं हाय ना सगळं." खोलीतून दारात, दारातून गल्लीत. समोरच्या घरातली बाई हातातलं काम टाकून बाहेर आली आणि आमच्या दाराकडे बघत उभी राहिली.

मी घाबरत घाबरत मागे वळले. अण्णा खाटेवर ताठ बसले होते. रिमोट मांडीवर पडला होता आणि त्यांनी उजवा हात वर केला होता.